सर्पिल दीर्घिकेतला वायू, ताऱ्यांचा जन्म आणि काठावरचं स्थैर्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्पिल दीर्घिकांचा, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या वळणदार भुजा असलेल्या तारे-वायूंच्या चपट्या चकत्यांचा विषय निघाला की फिरून फिरून तेच प्रश्न येतात. एवढा वायू आहे तर सगळ्याचे तारे का होत नाहीत? भुजा गुंडाळल्या का जात नाहीत? आणि तो ‘क्यू’ म्हणजे काय भानगड आहे? त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. गणित टाळलेलं नाही, पण जे आहे ते गुणाकार-भागाकाराच्या पलीकडे जात नाही.

दीर्घिकेत ‘वायू’ असतो म्हणजे नेमकं काय असतं?

मुख्यतः हायड्रोजन. वस्तुमानाच्या हिशोबाने सुमारे ७० टक्के तोच, उरलेल्यात बहुतेक हीलियम, आणि कार्बन, ऑक्सिजन, लोह वगैरे बाकी सगळं मिळून एक-दोन टक्के. त्यात धूळही मिसळलेली असते, वायूच्या साधारण शंभराव्या हिश्शाइतकी. हे सगळं कमालीचं विरळ असतं. ताऱ्यांमधल्या जागेत सरासरी घन सेंटिमीटरमागे एखादा अणू सापडतो. आपण श्वासात घेतो त्या हवेत तेवढ्याच जागेत २५ वर १८ शून्यं इतके रेणू असतात.

हा वायू सगळीकडे सारखा नसतो. काही भाग ८,००० केल्व्हिनपर्यंत तापलेला आणि पसरलेला, काही १०० केल्व्हिनच्या आसपासचा, आणि थोडा भाग १० ते २० केल्व्हिनइतका गार. या गार भागात हायड्रोजनच्या अणूंच्या जोड्या जमून रेणू झालेले असतात, म्हणून त्याला रेणुमेघ म्हणतात. तारे जन्मतात ते याच गार मेघांत. आपल्या आकाशगंगेत असा रेणुरूप वायू साधारण १ अब्ज सूर्यांइतका आहे; अणुरूप हायड्रोजन त्याच्या कितीतरी पट.

तो दिसत नाही, मग मोजतात कसा?

अणुरूप हायड्रोजन स्वतःच हाक देतो. त्यातल्या इलेक्ट्रॉनच्या फिरकीची दिशा उलटली की २१ सेंटिमीटर तरंगलांबीची रेडिओलहर बाहेर पडते. एकट्या अणूला असं आपोआप व्हायला सरासरी १ कोटी वर्षं लागतात, पण अणूच इतके असतात की संदेश सतत येत राहतो. हेंड्रिक व्हान द हुल्स्ट यांनी १९४४ साली हे भाकीत केलं आणि १९५१ साली हार्वर्डमध्ये यूएन आणि पर्सेल यांनी ती लहर पकडली.

रेणुरूप हायड्रोजन मात्र मुका. त्याचा रेणू दोन्ही बाजूंनी सारखा असल्यामुळे थंडीत त्यातून जवळजवळ काहीच उत्सर्जन होत नाही. मग त्याच्या शेजाऱ्याला, कार्बन मोनॉक्साइडला, विचारावं लागतं. त्याची २.६ मिलिमीटरची लहर १९७० साली मृग नक्षत्रातल्या तेजोमेघात प्रथम सापडली. कार्बन मोनॉक्साइड अमुक इतका दिसला म्हणजे हायड्रोजन तमुक इतका, असा एक गुणक लावतात. हा गुणक सगळ्या दीर्घिकांत सारखा नसतो. कार्बन-ऑक्सिजनची टंचाई असलेल्या लहान दीर्घिकांत तर तो पार बिघडतो. म्हणजे वायूच्या प्रत्येक आकड्यात थोडी उसनवारी असतेच.

वायू आहे, गुरुत्वाकर्षण आहे. मग सगळाच वायू कोसळून त्याचे तारे का होत नाहीत?

कारण त्याला दोन राखणदार आहेत. लहान तुकड्याला दाब वाचवतो, मोठ्या तुकड्याला फिरणं वाचवतं.

आधी दाबाचं पाहू. वायूचा एखादा तुकडा किंचित आवळला गेला की आतला दाब वाढतो आणि तो तुकडा पुन्हा फुगू पाहतो. हा प्रतिकार तुकड्याभर ध्वनीच्या वेगाने पसरतो. तुकडा लहान असेल तर प्रतिकार वेळेवर पोचतो. मोठा असेल तर तो पोचायच्या आत गुरुत्वाकर्षण आपलं काम उरकून घेतं. जेम्स जीन्स यांनी १९०२ साली ही मर्यादा मांडली. जीन्स यांचा हिशोब स्थिर पसरलेल्या वायूचा होता आणि त्यात मोठ्या तुकड्याला वाचवणारं कोणीच नव्हतं.

दीर्घिकेची चकती मात्र फिरते, आणि तीही टणक चाकासारखी फिरत नाही. आतला भाग फेरी लवकर पुरी करतो, बाहेरचा मागे राहतो. त्यामुळे चकतीचा कुठलाही तुकडा मनाने कापून घेतलात तर तो केंद्राभोवती फिरता फिरता स्वतःभोवतीही वळत असतो. असा तुकडा आकसायला लागला की त्याचं वळणं वेगवान होतं, जसं हात पोटाशी घेतले की गिरकी घेणारा माणूस झपाट्याने फिरतो. शेवटी बाहेर फेकू पाहणारा जोर आकसण्याला अडवतो. तुकडा जितका मोठा तितकी ही अडवणूक जबरदस्त.

म्हणजे लहानांना दाबाचं संरक्षण, मोठ्यांना फिरण्याचं. प्रश्न उरतो मधल्या आकारांचा. दोन्ही संरक्षणांची हद्द एकमेकींवर चढलेली असेल तर चकती शाबूत. त्यांच्यात फट राहिली असेल, तर त्या फटीतल्या आकाराचे तुकडे कोसळतील. या विषयातलं जवळजवळ सगळं त्या फटीभोवतीच फिरतं.

आणि ‘टूमरे यांचा क्यू’?

ती फट आहे की नाही हे सांगणारा आकडा. अलार टूमरे यांनी १९६४ साली ताऱ्यांच्या चकतीसाठी तो काढला. वायूच्या चकतीसाठी तसाच निकष व्हिक्टर साफ्रोनोव्ह यांनी १९६० साली ग्रहांच्या जन्माचा विचार करताना मांडला होता. दीर्घिकेचं गणित आणि ग्रहांच्या पाळण्याचं गणित एकच निघावं, ही या विषयातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट.

वायूसाठी मांडणी अशी. वर दोन गोष्टी, वायूचा स्वैर वेग (त्याच्या कणांची आणि तुकड्यांची अस्ताव्यस्त हालचाल) आणि ‘कप्पा’, यांचा गुणाकार. खाली तीन गोष्टी, पाय (π, म्हणजे ३.१४), न्यूटनचा गुरुत्वस्थिरांक आणि चकतीची पृष्ठघनता (चकतीच्या दर चौरस क्षेत्रामागचं वस्तुमान), यांचा गुणाकार. वरच्याला खालच्याने भागलं की क्यू. वरचे दोघे राखणदार आहेत, खाली गुरुत्वाकर्षणाची ताकद. उत्तर १ पेक्षा जास्त आलं तर फट नाही. कमी आलं तर आहे.

यातला कप्पा थोडा अनोळखी असतो. एखादा तारा आपल्या वर्तुळाकार कक्षेतून किंचित आत किंवा बाहेर ढकलला, तर तो त्या कक्षेच्या आतबाहेर डोलत राहतो. कप्पा म्हणजे त्या डोलण्याची गती. सूर्याच्या परिसरात असा एक झोका साधारण १७ कोटी वर्षांत पुरा होतो, तर केंद्राभोवतीच्या एका फेरीला २३ कोटींच्या आसपास वर्षं लागतात.

आता आकडे घालून पाहू. आपल्या परिसरात वायूची पृष्ठघनता दर चौरस पारसेकमागे सुमारे १३ सूर्यांइतकी (१ पारसेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं), स्वैर वेग सेकंदाला ७ किलोमीटर धरू, आणि कप्पा दर किलोपारसेकमागे सेकंदाला ३७ किलोमीटर. क्यू येतो साधारण १.५. म्हणजे निव्वळ वायूपुरतं बोलायचं तर आपला परिसर शाबूत आहे, पण फार ऐसपैस नाही. याच आकड्यांवरून फिरण्याची हद्द सुरू होते तो आकार येतो सुमारे १,६०० पारसेक. कोसळायला सगळ्यात उतावीळ तुकडे त्याच्या निम्म्या मापाचे असतात आणि अशा एकात काही दशलक्ष सूर्यांइतका वायू मावतो. सर्पिल भुजांवर जे मोठे वायुपुंज मण्यांसारखे ओवलेले दिसतात, त्यांची वजनं याच घरातली आहेत. कागदावरच्या साध्या भागाकारातून आभाळातल्या मण्यांचं माप निघतं, म्हणून इतके आक्षेप असूनही हा क्यू कोणी टाकून देत नाही.

म्हणजे क्यू १ च्या खाली गेला की तारे पेटतात आणि वर गेला की विझतात?

असं वाचायला मिळतं खरं, पण क्यूला बटण समजू नये. एक तर टूमरे यांचा निकष कड्यांच्या आकाराच्या, सगळीकडून सारख्या विस्कळीतपणासाठी (म्हणजे कुठे दाटी, कुठे विरळपणा) आहे. प्रत्यक्षात विस्कळीतपणा तिरका, तुकड्या-तुकड्यांचा असतो, आणि चकतीच्या फिरण्यामुळे असा तिरका तुकडा ताणला जात असताना काही काळ जोमाने फुगतो. ज्युलियन आणि टूमरे यांनी १९६६ साली हे दाखवलं. त्यामुळे क्यू १ आणि २ च्या मधे असतानाही चकती चांगलीच हळवी असते. उलट बाजूने पाहिलं तर खऱ्या चकतीला जाडी असते आणि जाडीमुळे गुरुत्वाकर्षणाची पकड सैल होते. वायूच्या जाड चकतीची सीमा १ वरून ०.७ च्या आसपास उतरते.

शिवाय क्यू सांगतो शेकडो पारसेकच्या तुकड्यांबद्दल. तिथून ताऱ्यापर्यंतचा प्रवास म्हणजे वायू गार होणं, रेणू तयार होणं, चुंबकीय क्षेत्राशी झटापट. त्याबद्दल हा आकडा काहीच बोलत नाही.

इतक्या दीर्घिकांत क्यू १ ते ३ च्याच घरात कसा काय सापडतो? योगायोग?

योगायोग नाही. चकती स्वतःच स्वतःला त्या काठावर आणून ठेवते.

समजा बाहेरून वायू येत राहिला. पृष्ठघनता वाढते, क्यू घसरतो, तुकडे कोसळतात, तारे जन्मतात. त्यांतले वजनदार तारे काही दशलक्ष वर्षांतच प्रखर प्रारणाने आणि वाऱ्याने भोवतालचा वायू ढवळतात, मग सुपरनोव्हा होऊन फुटतात. शिवाय कोसळणारे तुकडे आपल्या ओढीने शेजारच्या वायूलाही हुसकावतात. सगळ्याचा परिणाम एकच: स्वैर वेग वाढतो, क्यू वर चढतो, नवे तारे कमी होतात. पण ही ढवळ टिकाऊ नसते. चकतीची जाडी ओलांडायला वायूला जितका वेळ लागतो, साधारण तेवढ्यातच ती विरून जाते. मग वायू पुन्हा निवतो आणि क्यू पुन्हा घसरतो.

म्हणून मी क्यूकडे तापमापकासारखा पाहतो. माणसाच्या शरीराचं तापमान ३७ अंशांच्या आसपास का असतं, तर शरीर ते तिथे राखतं म्हणून. तापमापक ते राखत नाही. दीर्घिकेचा क्यू काठावर दिसतो तो या चढउताराचा परिणाम म्हणून. ढवळ मुख्यतः ताऱ्यांच्या स्फोटांमुळे होते की गुरुत्वाकर्षणाच्या ओढाताणीमुळे, यावर मात्र तज्ज्ञांचे दोन तट आहेत. शांत दीर्घिकांत पहिलं आणि वायूने तुडुंब भरलेल्यांत दुसरं, असं काहीसं असावं, असा माझा कल आहे.

हिशोबात फक्त वायू धरला. त्याच चकतीत तारेही आहेत, त्यांचं काय?

फार मोलाचा प्रश्न, आणि बराच काळ दुर्लक्षिलेला. तारे आणि वायू एकाच चकतीत एकमेकांच्या ओढीत असतात. चंदा जोग आणि फिलिप सॉलोमन यांनी १९८४ साली दाखवलं की ताऱ्यांची चकती स्वतंत्रपणे स्थिर, वायूची चकतीही स्वतंत्रपणे स्थिर, आणि तरी दोघं मिळून अस्थिर, असं होऊ शकतं. वस्तुमानात वायू थोडा असला तरी तो गार असतो, झटकन दबतो, आणि ताऱ्यांनाही आपल्याबरोबर ओढतो.

त्रिकोण दीर्घिका, म्हणजे एम ३३, हे याचं बोलकं उदाहरण. फक्त वायूचा क्यू काढला तर तिची चकती स्थिर ठरते. प्रत्यक्षात तिथे ताऱ्यांची पैदास जोरात आहे. एनजीसी ६०४ हा आपल्या शेजारातला एक प्रचंड तेजोमेघ तिच्यातच आहे. ताऱ्यांचं वजन हिशोबात घेतलं की विसंगती बरीचशी मिटते. अंदाजापुरता एक सोपा नियम वापरतात: दोघांच्या क्यूंचे व्यस्तांक मिळवायचे आणि बेरजेचा पुन्हा व्यस्तांक घ्यायचा. वायूचा १.५ आणि ताऱ्यांचा २ असेल तर एकत्रित क्यू ०.८६ येतो. दोन्ही आकडे सुरक्षित, मिळून धोक्यात!

सर्पिल भुजा तारे घडवतात का? आणि त्या गुंडाळल्या का जात नाहीत?

भुजा जर कायम त्याच ताऱ्यांच्या बनलेल्या असत्या, तर केव्हाच गुंडाळून दिसेनाशा झाल्या असत्या. सूर्याच्या अंतरावर १० अब्ज वर्षांत चाळीसेक फेऱ्या होतात आणि आतल्या भागात त्याहून जास्त. लिन आणि शू यांनी १९६४ साली मांडलं की भुजा ही घनतेची लाट आहे: रस्त्यावर एखादं हळू वाहन असलं की त्याच्यामागे गर्दी टिकून राहते, गर्दीतली वाहनं मात्र बदलत असतात. दुसरं मत असं की भुजा तात्पुरत्या असतात. वर सांगितलेल्या तिरक्या तुकड्यांच्या फुगण्याने उगवतात, विरतात, पुन्हा उगवतात. एम ५१ सारख्या ठसठशीत दोन भुजांच्या दीर्घिकेत शेजारच्या दीर्घिकेचा धक्काही आहे. एनजीसी २८४१ सारख्या तुटक भुजांच्या दीर्घिकेला दुसरं स्पष्टीकरण जास्त शोभतं.

आता पहिला भाग. भुजेत शिरताना वायू दाबला जातो, म्हणून तारे तिथे जन्मलेले दिसतात आणि तेजस्वी निळे तारे लवकर मरत असल्यामुळे भुजेबाहेर फारसे पोचत नाहीत. पण भुजेमुळे एकूण तारे किती वाढतात, हे पाहायला गेलं तर ठसठशीत आणि तुटक भुजांच्या दीर्घिकांत वायूमागे होणाऱ्या ताऱ्यांचं प्रमाण फारसं वेगळं निघत नाही. भुजा वायू गोळा करते. तारे करण्याची वायूची चाल तीच राहते.

चकतीच्या कडेला ताऱ्यांचा जन्म एकदम थांबतो, हे खरं का?

अर्धं खरं. रॉबर्ट केनिकट यांनी १९८९ साली दाखवलं की अनेक सर्पिल दीर्घिकांत तापलेल्या हायड्रोजनचा लाल प्रकाश ठराविक त्रिज्येपलीकडे झपकन मावळतो, आणि ती त्रिज्या टूमरे यांच्या निकषाशी जुळते. वायू मात्र त्याच्या पुढेही पसरलेला असतो. क्यूच्या बाजूचा हा सगळ्यात भक्कम पुरावा मानला गेला.

मग २००३ साली गॅलेक्स ही अतिनील दुर्बीण अवकाशात गेली. एम ८३ या सर्पिल दीर्घिकेच्या त्या ‘संपलेल्या’ कडेपलीकडे तिला कोवळ्या ताऱ्यांचे विखुरलेले ठिपके दिसले. गोम मोजमापात होती. लाल प्रकाशासाठी अतिशय वजनदार आणि जेमतेम १ कोटी वर्षं जगणारे तारे लागतात. विरळ भागात ते क्वचितच असतात. अतिनील प्रकाश १० कोटी वर्षांपर्यंतच्या ताऱ्यांचाही सुगावा देतो. कडेला घट खरोखरच मोठी आहे, पण ती भिंत नाही. काहींच्या मते ती घट क्यूपेक्षा वायू गार होऊ शकतो की नाही यावरच जास्त ठरते.

वायू दुप्पट तर तारेही दुप्पट?

दीर्घिकेची सरासरी घेतली तर दुप्पटीहून जास्त. मार्टेन श्मिट यांनी १९५९ साली घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात तारे होतात असं सुचवलं. केनिकट यांच्या १९९८ च्या मोजणीत पृष्ठघनतेचा घातांक १.४ आला. म्हणजे वायू दुप्पट झाला तर तारे सुमारे २.६ पट. फक्त रेणुरूप वायू घेऊन, जवळच्या सर्पिल दीर्घिका तुकड्या-तुकड्याने मोजल्या तर नातं जवळपास सरळ निघतं आणि तो वायू संपायला साधारण २ अब्ज वर्षं लागतील असं दिसतं.

२ अब्ज वर्षं? इतकं सावकाश का?

हिशोब खरोखर चक्रावून टाकणारा आहे. आकाशगंगेतले रेणुमेघ निव्वळ स्वतःच्या वजनाने कोसळले तर काही दशलक्ष वर्षांत संपतील, म्हणजे वर्षाला शेकडो सूर्यांइतके तारे झाले पाहिजेत. होतात एक-दोन सूर्यांइतके. एका कोसळण्याच्या काळात जेमतेम शंभरावा हिस्सा वायू तारे होतो, बाकीचा ढवळ, चुंबकीय क्षेत्र आणि नव्या ताऱ्यांच्या माऱ्यामुळे पुन्हा विखुरतो.

तरी वायू कधीतरी संपणारच ना?

बाहेरून भर पडली नाही तर, हो. आकाशगंगा १० अब्ज वर्षांहून जास्त काळ तारे करत आली आहे, याचा अर्थच भर पडत आली आहे. २०२० साली पुण्याजवळच्या जीएमआरटी या रेडिओदुर्बिणीने ७,६५३ दूरच्या दीर्घिकांचे २१ सेंटिमीटरचे क्षीण संकेत एकत्र करून सुमारे ८ अब्ज वर्षांपूर्वीचा अणुरूप वायू मोजला. त्या काळच्या तारकानिर्मितीच्या वेगाने तो अवघ्या एक-दोन अब्ज वर्षांत संपला असता. तेव्हाच्या दीर्घिकांना पुरवठा कमी पडू लागला असावा, आणि विश्वातली तारकानिर्मिती त्यानंतर का मंदावली याचं एक सरळ उत्तर तिथे मिळतं.

वायू भरपूर, पण तारे जेमतेम, अशा दीर्घिका असतात?

असतात. मालिन १ ही अवाढव्य पण अतिशय मंद दीर्घिका १९८० च्या दशकात सापडली. तिच्यात वायू पुष्कळ आहे, पण इतका पसरलेला की पृष्ठघनता फारच कमी. दुसरी तऱ्हा मध्यभागी जाडजूड फुगवटा असलेल्यांची. फुगवट्याच्या वजनामुळे कप्पा वाढतो आणि वायू असूनही चकती कोसळत नाही.

आणि अगदी जुन्या काळी?

१० अब्ज वर्षांपूर्वीच्या अनेक चकत्यांत निम्म्याच्या आसपास वस्तुमान वायूचं होतं आणि स्वैर वेग सेकंदाला ५० किलोमीटरच्या घरात. वायू जास्त म्हणून तुकडेही मोठे: किलोपारसेकभर रुंद, कोट्यवधी सूर्यांच्या वजनाचे. छायाचित्रांत त्या नाजूक भुजांऐवजी ओबडधोबड गुठळ्या दिसतात.

क्यू चांगला असेल तर मधला दांडा (काही दीर्घिकांच्या मध्यातून आरपार जाणारी ताऱ्यांची लांबट पट्टी) तयार होत नाही ना?

होऊ शकतो. क्यू एका जागेपुरतं बोलतो. दांडा हा सगळ्या चकतीचा आजार. ऑस्ट्रायकर आणि पीबल्स यांनी १९७३ साली दाखवलं की त्याला आवर घालायला चकतीबाहेरचं भारदस्त आवरण लागतं. कृष्णद्रव्याच्या, म्हणजे न दिसणाऱ्या पण वजन असलेल्या द्रव्याच्या, बाजूने गेलेला तो एक महत्त्वाचा युक्तिवाद.

एखाद्या लेखात क्यूचा आकडा दिसला तर आधी काय पाहावं?

स्वैर वेग कुठला घातला आहे ते. आपल्या परिसराचा १.५ हा आकडा ढवळीसकट ७ किलोमीटर धरून आला होता. त्याच जागी १० केल्व्हिनच्या रेणुमेघातला ध्वनीचा वेग, सेकंदाला ०.२ किलोमीटर, घातला तर तोच परिसर ०.०४ वर येतो. मग पाहावं की तारे धरलेत का, कार्बन मोनॉक्साइडचा गुणक कुठला लावला, आणि सरासरी किती मोठ्या भागाची आहे.